आधी डोळे मिटा

उमरग्याला हायवेच्या कडेला एक मावशी पत्र्याच्या शेडात भाकरी-पिठलं वाढायची. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा ताट येताच मी भाकरी मोडायला घेतली, तर तिनं पिठानं भरलेला हात ताटावर आडवा धरला.

"थांबा की वो! आधी येशूचे आभार मानू द्या, मग हाणा पोटभर."

ट्रक ड्रायव्हर सरावलेले होते. त्यांनी लगेच डोळे मिटले. मी एका डोळ्यानं भाकरीवर लक्ष ठेवलं.

एकदा भर दुपारी समोरच्या झगमगीत हॉटेलचा मालक आला. "माझ्याकडं कामाला या मावशी. दुप्पट पगार देतो, सुखात राहाल."

मावशी खळखळून हसली. "सुखाच्या मागं पुण्यापस्तोर धावून आले, बाबा. नोकरी केली, सोनं बी केलं, पण जीव काय भरंना. येशूपाशी भरला, तो आजवर भरलेलाच हाय. तू जेवलास का?"

एवढ्या मोठ्या हॉटेलचा मालक उपाशीच होता. ओशाळून तो बाकावर टेकला. मावशीनं ताट वाढलं, आभार मानले, आमेन झालं. आम्ही सगळे जेवायला लागलो, तरी त्याचे डोळे मिटलेलेच.

"पिठलं निवतंय, लेकरा," मावशी हळूच म्हणाली.