मावशीला ऊन पाण्यावर न्यायचं आहे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी धाकटी डहाणू गावच्या एका मासळी विकणाऱ्या बाईकडे बोट दाखवीन. तिला मी मावशी म्हणतो. ती नात्याची नाही, गावाचीही नाही. ती समुद्राची, मी उधव्याच्या पलीकडच्या डोंगरातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो, पदवी घेतली, आज वापीच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. हे सगळं तिच्या ओटीवर अंथरूण मिळालं म्हणून झालं.

भातकापणी झाली की मावशी सुक्या मासळीची टोपली घेऊन उधव्याच्या बाजाराला यायची. बाजार उठला की उरलेला माल डोक्यावर घेऊन आमच्या पाड्यांवर फिरायची. सुकट द्यायची, बदल्यात भात नाहीतर नागली घ्यायची. अशा बायकांचं प्रत्येक पाड्यावर एक घर ठरलेलं असतं. टोपली तिथे उतरवायची, तिथेच जेवायचं, तिथेच निजायचं. आधी दुसऱ्याच्या अंगणात टोपली टेकवली तर त्या घरची बाई वर्षभर बोलत नाही. आमच्या पाड्यावर ते घर आमचं होतं. मी बारावी झालो आणि डहाणूला राहायचं कुठे असा प्रश्न आला, तेव्हा आईला त्याचं काही वाटलं नाही. "इतकी वर्षं ती आपल्याकडे निजते. आता तू तिच्याकडे नीज," ती म्हणाली. पुढच्या बाजाराला तिने मावशीला तसं सांगूनच टाकलं. मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "बोंबलाच्या वासात झोप येईल का रे तुला?"

झोप आली. अभ्यासही झाला. अंगणात बोंबील वाळत टांगलेले, त्यांच्या सावलीत बसून मी रसायनशास्त्र पाठ केलं. परीक्षेच्या दिवसांत मावशी शेजारच्या बायकांना दटावायची, "हळू भांडा गं, पोरगा वाचतोय."

आता ऊन पाण्याविषयी सांगतो. आमच्या पाड्यावरून डोंगर ओलांडून गेलं की पलीकडच्या नदीच्या काठाला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे देऊळ नाही, दुकान नाही, रस्ताही नाही. दगडांत दोन-तीन डबकी, त्यांतून वाफ निघते. आमच्या बायका धान्य घरात आलं की चालत तिथे जायच्या, आंघोळ करायच्या, नदीकाठी भाकऱ्या भाजून खायच्या आणि परत यायच्या. मावशी आमच्याकडे मुक्कामाला असली की आई तिला हेच सांगत बसायची. मावशी पाय पसरून गुडघे चोळत ऐकायची.

"चल या वेळी. वर्षाचा शीण उतरतो," आई म्हणायची.

"आणि माझी टोपली कोण सांभाळेल? तुझी मांजर?"

"मांजरीला आधी पोटभर घाल, मग सांभाळेल."

"पुढच्या वर्षी येते बघ नक्की."

असं मी लहानपणापासून ऐकत आलो. पाण्याचा रंग कसा, तळाशी बुडबुडे कुठे येतात, कुठल्या डबक्यात पाय भाजतो, हे तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं. तिने ते एकदाही पाहिलं नव्हतं.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मनात आलं, की आता हे मी करू शकतो. माझ्याबरोबर काम करणारा एक जण वलसाडकडचा आहे. त्याच्याकडे चारही चाकांना जोर लागणारी जुनी जीप आहे आणि सुट्टीत वाट नसलेल्या जागी ती घेऊन जाण्याचा त्याला नाद आहे. मी त्याला मोबाइलवर नकाशा दाखवला.

"अरे भाई, इथे तर रस्ताच नथी," तो म्हणाला.

"म्हणून तर तुला विचारतोय."

"तो चाल! पण म्हातारी माणसं आहेत, तर सीटवर गादी टाकावी पडशे."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमचं तेच चालायचं. नदीचं पाणी कधी उतरतं, वाळूत चाक रुतलं तर खाली घालायला फळ्या, ओढायला दोर, तीन तंबू, परतताना कचरा भरून आणायला गोण्या. एका रविवारी मी झऱ्याजवळच्या पाड्यावर चालत जाऊन तिथल्या जाणत्यांना विचारून आलो. गाडी डबक्यांपासून लांब ठेवा आणि सकाळी बायकांची आंघोळ होईपर्यंत पुरुषांनी तिकडे फिरकू नका, एवढंच ते म्हणाले. मावशीला फोनवर सगळं सांगत होतो. तिचे प्रश्न संपत नव्हते.

"तंबू म्हणजे काय रे, शीडच ना? आमचं जुनं आहे, आणू?"

"नको मावशी, विकत घेतलेत."

"वाऱ्याने उडाला तर?"

"खुंट्या असतात त्याला."

"खुंट्यांचं काही सांगू नकोस. मी आत निजते ना, मग उडत नाही."

दिवस मी पुनवेचा धरला. आमच्या डोंगरात रात्रीबेरात्री कुठे निघायचं असलं तर माणसं पुनवच बघतात. लग्नाला जायचं असो की जागरणाला, चांदण्यात वाट दिसते, बॅटरी लागत नाही. मला वेगळा दिवस सुचलाच नाही. मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं. येते."

ठरल्या सकाळी जीप उधव्याच्या बाजारात उभी राहिली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली होती, पिशवी मांडीवर. डहाणूकडून एक गाडी आली, दुसरी आली, मावशी उतरली नाही. फोन केला तर तो तिच्या मुलाने उचलला. मागे बंदरावरचा गलका ऐकू येत होता. "आई मासळी निवडतेय. होड्या आल्यात," तो म्हणाला.

आई जीपमधून खाली उतरली. "तिच्याशिवाय मी नाही जायची. तुम्ही पोरं जा, वाट तरी बघून या."

आम्ही दोघंच गेलो. बैलगाडीची वाट संपल्यावर नदीच्या पात्रातून दगडगोट्यांवर जीप हेलकावे खात गेली. दोनदा रुतली, दोनदा फळ्यांवरून बाहेर आली. संध्याकाळी मी डबक्यात पाय सोडून बसलो. पाणी पोटरीपर्यंत येत होतं. तळातून बुडबुडे वर येत होते, अगदी आई सांगायची त्या कोपऱ्यात. शेजारी एक सपाट दगड होता, पाय पसरून बसता येईल एवढा. मित्र फोटो काढत होता आणि खूश होता. मी त्या दगडाकडे बघत होतो. तिथे मावशी बसलेली असायला हवी होती आणि तिने मला सांगायला हवं होतं, की बघ, मी म्हणत होते तसंच आहे की नाही.

परत आल्यावर मी मावशीला फोन केला.

"पुनव होती रे पोरा," ती म्हणाली. "उधाणाचं पाणी. जाळ्याला मासळी तेव्हाच लागते. पुनवेला मी घरी कधी असते?"

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तू एवढ्या हौसेनं सांगत होतास. मोडता कसा घालू?"

मी तिच्या घरी कॉलेजची सगळी वर्षं काढली होती. पुनवेला आणि अवसेला ते घर रिकामं असायचं, सगळी माणसं बंदरावर, मी एकटा जेवण वाढून घ्यायचो. आणि आठमीच्या आसपास, पाणी कमी चढणारे भांगाचे दिवस लागले की होड्या किनाऱ्यावर, माणसं घरात, मावशी दुपारी पत्ते खेळायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दिवस धरताना मी डोंगरातला झालो. आणि तीही समुद्रावरची बाई, तिला वाटलं की पुनव आहे म्हटल्यावर आपल्याला येता येणार नाही, हे हा समजूनच असेल.

पुढच्या हिवाळ्यात भांगाचे दिवस बघून ठरवू, असं मी म्हणालो. पण त्या पावसाळ्यात तिचे गुडघे बसले. आता ती बंदरावर जात नाही, बाजाराला येत नाही. लेकीने तिला नरपडला आपल्या घरी नेलं आहे. वाडीतल्या चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसते. उधाण आणि भांग दोन्ही तिला आता सारखेच. कुठल्याही दिवशी ती मोकळी आहे आणि घरातून फाटकापर्यंत जायला तिला दोन माणसं लागतात. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ती नाही म्हणते. मी फोनवर ऊन पाण्याचा विषय काढला की हसते आणि म्हणते, "हो हो, जाऊ." तो होकार मला आता ओळखता येतो.

या हिवाळ्यात जाता आलं नाही तर पुढे जाता येईल असं मला वाटत नाही. तिला खरंच यायचं आहे, की केवळ माझ्या हौसेसाठी ती होकार भरते आहे, हे मला कळायला हवं होतं. समोर किंवा फोनवर ती मला कधीच नाही म्हणणार नाही. म्हणून पत्र लिहिलं. तिला वाचता येत नाही, पण नात मराठी शाळेत आहे, ती वाचून दाखवेल. पाठवलं ते असं:

मावशीस साष्टांग नमस्कार.

नातीला सांग, सावकाश वाच. मध्ये कुणाला बोलू देऊ नकोस.

नदीचं पाणी उतरलं आहे. मी परवा जाऊन वाट बघून आलो. जीप पाण्यापर्यंत जात नाही, शेवटी थोडं चालायचं आहे. तेवढ्यापुरतं आम्ही तुला खुर्चीसकट उचलणार. झऱ्याजवळच्या पाड्यावरचे दोन जण येतो म्हणाले आहेत. जीपमध्ये चढायला लाकडी पायरी करून घेतली आहे, आईला चढवून बघितली, तिने सुताराला नावं ठेवली पण चढली. मधे दोन ठिकाणी फार हिसके बसतात. तिथे तुझे गुडघे दुखतील, हे मी लपवत नाही. पाण्याने गुडघे बरे होतील असंही मी म्हणत नाही. थोडा वेळ बरं वाटेल. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, जपून न्या.

रात्री तंबूत निजायचं नसेल तर त्या पाड्यावर एका घरात सोय आहे. तिथली बाई म्हणाली, टोपली नसली तरी चालेल.

दिवस मी धरलेला नाही. तू सांगशील तो. आणि यावंसं वाटत नसेल, भीती वाटत असेल किंवा नुसता कंटाळा असेल, तर नातीकडून "नको" एवढंच लिहून घे आणि पाठव. मला वाईट वाटेल, पण तुला माझ्यासाठी हिसके खात यावं लागलं तर त्याहून जास्त वाईट वाटेल. तू मला आजवर कशालाच नाही म्हणाली नाहीस. एकदा म्हणालीस तरी चालेल.

आई रागावेल. ते आमचं आम्ही बघू.

तुझ्या घरी शिकलेला,
पोरगा