रथाचा उतार

अडीच वर्षं मी आमच्या सिद्धोबाचं तोंड पाहिलं नव्हतं. देऊळ आमच्या घरासमोरच आहे, मधे फक्त बोळ. साखरेनं उजवा पाय गुडघ्यापासून गेला आणि मी चाकाच्या खुर्चीत आले. दारात बसलं की देवळाच्या सहा पायऱ्या दिसायच्या, वर मंडपाचे खांब, आणि आत खोल समईचा एवढासा उजेड. देव दिसायचा नाही. आरतीची घंटा झाली की दुसऱ्यांच्या टाचा वर चढताना बघायच्या आणि घरात वळायचं.

पायऱ्या कुणी केल्या, तेही सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी देऊळ नवं बांधलं तेव्हा जोतं तीन फूट उंच करायचं ठरलं. निपाणीच्या वखारीतून तंबाखूचं काम करून आल्यावर आम्ही बायका संध्याकाळी भरावाची माती टाकायला जायचो. आमच्या गल्लीत एक आप्पा होते, कुबड्यांवर चालायचे. ते म्हणाले, "एका बाजूला उतार सोडा रं. आमच्यासारख्यानं कुठनं यायचं?" सगळ्यांच्या आधी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "आप्पा, देवाकडं जायचं तर चढायला नको व्हय? घरात बसून नमस्कार करा की." बायका हसल्या. आप्पाही हसले. उतार झाला नाही. आप्पा खालूनच हात जोडत राहिले आणि तसेच गेले.

माझा पाय गेल्यावर गल्लीत कुजबूज झाली की देवानं शिक्षा केली. मला ते पटत नाही. देवाला एवढी फुरसत नाही. पण पायऱ्यांकडे बघताना आप्पांचं ते हसू आठवायचं, आणि ते मला साखरेपेक्षा जास्त पोखरायचं.

पहिल्या वर्षी चौघांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. लुगडं सरकलं, एका हातानं ते धरू की खुर्ची धरू, कळेना. उचलणाऱ्यातला एक म्हणाला, "आज्जी, तंबाखूचं पोतं बरं तुझ्यापरीस." थट्टाच होती, मी पण तसलीच थट्टा करत आले. पण देवासमोर ठेवली तेव्हा माझं लक्ष देवाकडे नव्हतं, परत कशी उतरवतील याकडे होतं. त्यानंतर अडीच वर्षं मी वर गेले नाही. सून म्हणायची, "आत्ती, पोरं हैत की उचलायला." मी म्हणायचे, "मेल्यावर उचलू देत."

गेल्या साली जत्रेत एक गोष्ट झाली. आमच्या देवाचा लाकडी रथ मंडपातच उभा असतो. जत्रेला त्याला खाली आणायचा म्हणून माणसं दरवर्षी माती टाकून तात्पुरता उतार करतात आणि रथ परत वर गेला की दुसऱ्या दिवशी ती माती फावड्यानं ओढून काढतात. एवढी वर्षं मी हे बघत होते, आणि मला काही सुचलं नव्हतं. त्या वर्षी घाईत उतार आखूड केला, उभाच्या उभा. रथ निघाला तो दोरखंडाला दाद न देता धावला आणि खाली येऊन त्याचा आस मोडला. कुणाला लागलं नाही. गाव हळहळलं. मी दारात बसून बघत होते. देवाचा रथही माझ्यासारखा खाली अडकला, असं मनात आलं.

नेहमीचा सुतार आजारी होता, म्हणून सदलग्याकडचा एक कानडी सुतार आला. दोन दिवस तो रथापाशी काम करत होता. मी समोर. तिसऱ्या दिवशी रंधा खाली ठेवून मला म्हणाला, "अव्वा, रोज हितं बसून बघतीस. वर का जात न्हाईस?"

"डोळं गेलं का तुझं? पाय न्हाय मला."

"ते दिसतंय. चाकं हैत की. रथाला तरी कुठं पाय हैत?"

मी रथाच्या चाकांकडे बघितलं, मग माझ्या.

त्यानं देवळाच्या कमिटीतल्या अण्णाला सांगितलं, हा उतार चालणार नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे. म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट, आणि मधे चार हात सपाट जागा, ओढणाऱ्यांना दम घ्यायला. "न्हाईतर रथ परत मोडंल आणि मी येणार न्हाय," म्हणाला. अण्णा कुरकुरला, पण रथ खाली उघड्यावर उभा होता. देवळाच्या कडेनं लांबवर मुरूम टाकला, चोपला, वर फळ्या ठोकल्या.

सगळं झाल्यावर सुतार माझ्याकडे आला. म्हणाला, "रथाआधी तुझी खुर्ची चढव. कुणी हात लावायचा न्हाय. तू एकटी चढलीस तर उतार बरोबर."

म्हणजे मला देवदर्शनाला बोलावत नव्हता, माप म्हणून बोलावत होता. म्हणूनच मी गेले.

चाकं ढकलत निघाले. सून मागं येऊ लागली तर सुतारानं तिला थांबवलं. तंबाखू निवडलेले हात माझे, तरी अर्ध्यावर दंड भरून आले. मधल्या सपाट जागेवर पोचले आणि वाटलं, आता चाकं सोडली की मागं जाणार. तरी हात सुटलेच. धरवेना. खुर्ची हलली नाही. जागच्या जागी उभी. तिथं मी किती वेळ बसले ठाऊक नाही. ज्या देवावर राग होता त्यानंच मला धरून ठेवलंय, असं काहीतरी वाटलं. सुतार म्हणेल, जागा सपाट होती. त्याचंही खरं आहे.

मग वर गेले. उंबऱ्यापाशी खुर्ची लावली. सिद्धोबा होता तिथंच होता. मी बघत बसले. खालून अण्णा ओरडला, "आज्जी, झालं का? रथ चढवायचाय." म्हटलं, "थांब की. एवढे दिवस थांबला, घटकाभर थांबंल."

दुसऱ्या दिवशी सवयीनं फावडी घेऊन माणसं आली. सून त्यांच्यापुढे उभी राहिली, मला बोलावंही लागलं नाही. पुढे तिथं दगडी उतार झाला, बाजूला लोखंडी कठडा. सुतार परत आला नाही, त्याचं नावही मी विचारलं नाही. देवाला नमस्कार करताना त्यालाही करते.

शरण जायचं म्हणजे डोकं टेकायचं, एवढंच मला माहीत होतं. आता हात सोडून बसणंही त्यातच धरते. दर सोमवारी मी वर जाते. दंड भरून आले नसले तरी मधल्या जागेवर थांबते, चाकं सोडते. आप्पांना कुबड्यांवर चढायला वेळ लागला असता. तेवढा वेळ बसते, मग वर जाते.