पत्रकामागचा हिरवा ठसा

आमच्या कराडच्या घरामागं नारळाखाली अळंबी उगवली, त्या आठवड्यात मी वहिनीवर सगळ्यात जास्त जळले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला चांगली समजायला नको.

मी विज्ञानाचा प्रचार करणाऱ्या एका गटात आहे. पत्रक लिहावं तर मीच, असं गटात सगळे म्हणतात. त्या पावसाळ्यात मी लिहिलं, ‘भीती सोडा, अळंबी ओळखा!’ पाच मुद्दे, प्रत्येकापुढं उद्गारचिन्ह. तिसरा मुद्दा मोबाईलवरून उचललेला: जिला मुंग्या-किडे लागतात, ती माणसालाही चालते! खाली ठळक अक्षरांत माझं नाव. गल्लीत घरोघरी मी स्वतः वाटलं.

आणि बायका ते पत्रक हातात घेऊन यायच्या वहिनीकडं! "अगं, तू डोंगराकडची. बघ की, ही खायची का?"

वहिनी महाबळेश्वरच्या खालच्या वाडीतली. शाळा नववीत सुटलेली. ती अळंबी उलटी करून बघायची, वास घ्यायची आणि बहुतेक वेळा म्हणायची, "मला ठावं न्हाई. टाकून द्या." एवढ्यावर बायका खूश. माझ्या पाच मुद्द्यांना कुणी विचारत नाही आणि हिच्या ‘ठावं न्हाई’ला मान! माझी आई आटपाडीची. तिच्या लेखी जमिनीतून वर येणारी प्रत्येक छत्री कुत्र्याची. तीसुद्धा म्हणायला लागली, "सूनबाई म्हणंल तसं."

नारळाखालची अळंबी पांढरी, वर तपकिरी खवले, देठाला कडं. मुंग्या लागलेल्या. म्हणजे पास! मी परडीभर काढून ओट्यावर आणली आणि कांदा चिरायला घेतला. सगळ्यांसमोर खाऊन दाखवायची होती.

"वन्सं, ही नगा," वहिनी म्हणाली.

"का? कारण सांग."

"आमच्याकडं हिला कोण हात लावत न्हाई."

"हे कारण नव्हे. ही अंधश्रद्धा."

ती चिडली असती तरी चाललं असतं. तिनं फळीवरचं माझंच पत्रक घेतलं, कोरी बाजू वर केली, एक छत्री देठापासून मोडून त्यावर उपडी ठेवली आणि वर पातेलं झाकलं. "चहाच्या वक्ताला बघू. तवर त्यो कांदा पोह्यात घाला."

चहाच्या वेळी पातेलं उचललं. कागदावर हिरवट भुकटीचा गोल ठसा.

"हिरवी पूड पडली की वकाऱ्या ठरल्याल्या. आयेनं असंच दावलं होतं."

मी मोबाईलवर शोधलं. या वेळी नीट शोधलं. विषारीच होती. आणि मुंग्यांचा नियम साफ खोटा.

मला आधी काय वाटलं? हिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हेच. गल्लीत कुणी माझा तिसरा मुद्दा वाचून अळंबी चुलीवर चढवली असेल, हे त्यानंतर सुचलं. मग मात्र पायात चप्पल अडकवून पळाले. वहिनी पदर खोचून मागं.

कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या चाचींनी त्यांच्या परसातली तसलीच अळंबी धुवून चाळणीत ठेवली होती. मी कारण समजावायला लागले. चाची माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या.

"चाची, फेका ती," वहिनी म्हणाली.

"फेकते की." फेकली पण. मी अजून पहिल्याच वाक्यात होते.

सगळी पत्रकं परत घेऊन मी दुसरं लिहिलं. तिसरा मुद्दा चुकला, हे कबूल केलं. हिरवी पूड पडली तर विष, पण पांढरी पडली म्हणून चालते असंही नाही. खात्री नसेल तर टाकून द्या. हे सगळं वहिनीचं. बायकांच्या कामाला नाव द्या म्हणून मोर्चात घसा फोडणाऱ्या मी लिहिलं, ‘जाणकारांनी सांगितल्यानुसार’.

छापून आलेला गठ्ठा वहिनीनंच सोडला. बोट फिरवत एक पत्रक वाचलं.

"जाणकार म्हंजे कोण वो?"

"माहिती असणारे."

"बरं हाय. ह्या बारीला तुमचं नाव न्हाई घातलं?"

घातलं नव्हतं. माझं नाही तर तिचंही नको, असा तो हिशोब होता. ती पत्रक ठेवून भांडी घासायला गेली. मी पेन घेतलं आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर ‘जाणकारांनी’ खोडून तिचं नाव लिहिलं. मनगट दुखेपर्यंत लिहिलं.

अक्षर बारीक आलं. मुद्दामच काढलं होतं.