देवळीचा ळ

नव्वदनंतरच्या कुठल्याशा वर्षी आमच्याकडे पॉप संगीत आलं, ते मामाच्या टीव्हीतून. मामा वर्ध्याला बोरगाव मेघेत राहायचा, त्याच्याकडे केबल होती. आम्ही देवळीचे, आमच्याकडे दूरदर्शन. सुट्टीत मी मामाकडे गेले की दिवसभर तेच चालू. एक माणूस पांढरा सदरा घालून वाळवंटात चालतोय. त्याच्या मागे वारा. दूर एक मुलगी उभी, आणि तिचा चेहरा असा की हा माणूस कोण, हे तिलाही ठाऊक नसावं. गाण्याचे शब्द असे की कुणीही, कुणालाही, कुठेही म्हणावेत. मला ते पाणचट वाटायचं. पण माझा मामेभाऊ, तेव्हा अगदी प्राथमिक शाळेतला, सोफ्यावर उभा राहून मामीचं लाटणं तोंडासमोर धरायचा आणि डोळे मिटायचा. मामी कौतुकाने पोळ्या थांबवून बघायची.

त्या लाटण्याचं पुढे गिटार झालं.

तो इंजिनीअरिंगला पुण्याला गेला आणि शेवटच्या वर्षाचे विषय मागे ठेवून परत आला. केस खांद्यापर्यंत, पाठीवर गिटारची काळी पिशवी, आणि बोलणं पार बदललेलं. बारावीपर्यंत "मले भूक लागली" म्हणणारा मुलगा आता "मला ना, असं काहीतरी लाइट हवंय" म्हणायला लागला. मामीने त्याला पोह्यांवर झणझणीत तर्री वाढली, तर त्याने ती चमच्याने बाजूला केली. दुसऱ्या दिवशी मला मामाचा फोन आला. "याले तुया दुकानात बसव. कॉम्प्युटरचं शिकला हाय, तुले मदत करन. घरी बसून तारा छेडून राह्यला नुसता."

माझं दुकान देवळीच्या बसस्टँडसमोर होतं. मराठी टायपिंग, अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, ग्रामपंचायतीचे ठराव. कॉम्प्युटर जुना होता. सकाळी बटण दाबून मी झाडलोट करायचे, देवाला उदबत्ती लावायचे, चहा सांगायचे, मग तो उठायचा. पण उठला की मी सांगेन ते निमूट लिहायचा, आणि माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

भाऊ वर्ध्याहून रोज बसने यायचा. गिटार घेऊन. मदत म्हणाल तर तो गिऱ्हाइकांची खुर्ची अडवून बसायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने मला समजावून सांगितलं की पॉप आता संपलं. ज्या गाण्यांसाठी त्याने लाटणं धरलं होतं, ती आता त्याच्या दृष्टीने बाजारू होती. खरं संगीत म्हणजे इंडी.

"इंडी म्हणजे काय?" मी विचारलं.

"इंडिपेंडंट. स्वतंत्र. कुठल्या कंपनीच्या दावणीला न बांधलेलं."

"आणि जेवण?"

"काय जेवण?"

"ते कोनाच्या घरी जेवते, हे स्वतंत्र संगीत?"

त्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी शेण थापून उठले होते. मग त्याने मला त्याची गाणी ऐकवली. एक गाणं कॉफीच्या कपावर होतं. खिडकीवर पाऊस पडतोय, कप निवत चाललाय, ती आली नाही. दुसरं गाणं एका फ्लायओव्हरवर होतं. तिसरंही कॉफीवरच होतं, पण ह्यात ती आली होती आणि तरी तो उदास होता. आमच्या घरात कॉफी आम्ही लग्नाच्या मांडवात पाहिलेली, तीही स्टीलच्या मोठ्या भांड्याच्या नळातून येणारी, गोड मिट्ट. हा तिच्यावर एवढा उदास कधी झाला, मला कळेना. आवाज तरी धड लावावा, तर तोही नाही. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा तो गायचा. ते मुद्दाम असतं म्हणे.

गाण्यांखेरीज त्याचा आणखी एक उद्योग होता. तो मोबाइलवर आवाज जमा करायचा. बस मागे घेताना कंडक्टर गाडीवर थाप मारतो तो आवाज, चहावाल्याचा खलबत्ता, कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनची घरघर. याचं तो काय करणार, मी विचारलं नाही. माणूस वेडा झाला की नातेवाइकांनी थोडं सोसायचं असतं.

एका सोमवारी मी दुकान उघडलं, बटण दाबलं आणि झाडू हातात घेईपर्यंत कॉम्प्युटर सुरू झालेला. पडदा निळा, खाली गोंडस चित्रं, ओळखीचं काही नाही. भाऊ दारात उभा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. रविवारी माझ्या आईकडून दुकानाची किल्ली घेऊन तो येऊन गेला होता. एका मासिकाबरोबर सीडी मिळाली होती, लिनक्सच्या घराण्यातली कुठलीशी हलकी सिस्टीम, नाव कुत्र्याच्या पिल्लाला ठेवावं तसं. ती त्याने माझ्या मशीनवर चढवली होती. जुनी काढून.

"बघ ताई, किती हलकी आहे! काही ओझंच नाही. तुझ्या डब्यात जीव आला."

मी माझी एक फाइल उघडली. आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा होता. दुसरी उघडली, तेच. माझे मराठीचे फॉन्ट त्या हलक्या सिस्टीमला झेपत नव्हते. वाहायचं काही नाही म्हटल्यावर माणूसही हलका चालतो, त्यात कौतुक कसलं? भाऊ म्हणाला, थांब, नेटवरून घेऊन येतो. वर्ध्याला जाऊन त्याने कुठला तरी फुकटचा फॉन्ट आणला, बसवला, कीबोर्ड जुळवून दिला, आणि संध्याकाळी मराठी दिसायला लागलं. मी हायसं वाटून एका शेतकऱ्याचा अर्ज टाइप केला आणि छापून दिला.

तो अर्ज परत आला. तो फॉन्ट हिंदीसाठी केलेला होता आणि त्यात ळ नव्हता. जिथे ळ, तिथे रिकामी चौकट. आता आमच्या तालुक्याचं नाव देवळी. माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर निदान एकदा तरी देवळी असणारच. कार्यालयातल्या बाबूने त्या माणसाला सांगितलं होतं की असा तालुका महाराष्ट्रात नाही, लिहून देणाऱ्या बाईला शुद्धीवर आण.

ते मला फार लागलं. माझ्या कागदात चूक नसते, एवढंच तर माझं नाव होतं गावात. भाऊ मोबाइल टेबलावर ठेवून खुर्चीत तारा पिळत होता. मी कागद त्याच्या मांडीवर टाकला.

"काऊन रे, माहा ळ कुठी गेला?"

"कुठला ळ?"

"देवळीतला ळ! शाळेतला ळ! कोनं सांगतलं होतं तुले माह्या मशीनले हात लावाले? माहा ळ कुठी गेला, सांग मले!"

तो हसायला लागला. "ताई, पण तुम्ही लोक ळ बोलताच कुठे? डोळ्याला डोया म्हणता, जवळला जवय. तुला कशाला हवाय ळ?"

तुम्ही लोक म्हणाला. माझ्या आईच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

"बोलाले नाई लागत मले," मी म्हटलं, "लिवाले लागते. चाल, उठ त्या खुर्चीवरून."

तो उठला, गिटार उचललं आणि गेला. मी वर्ध्याहून एक दुरुस्तीवाला बोलावला, जुनी सिस्टीम परत घालून घेतली. माझी कामं सीडीवर ठेवलेली होती, ती परत आली. कॉम्प्युटर पुन्हा उदबत्ती आणि चहा होईपर्यंत झोपायला लागला. मला वाटलं, विषय संपला.

काही महिन्यांनी मी कागद आणायला वर्ध्याला निघाले. दुपारची बस, कॉलेजच्या मुलामुलींनी भरलेली. पुढच्या सीटवरच्या मुलीने मोबाइलवर गाणं लावलं. तेव्हा मोबाइलवरून मोबाइलवर गाणी देण्याचं खूळ नवीन होतं. आधी गाडीवर थाप मारल्याचा आवाज आला. मग जिनिंगची घरघर. आणि मग एक बाई ओरडली, "काऊन रे, माहा ळ कुठी गेला?"

ती बाई म्हणजे मी.

ढोल वाजला. बाई पुन्हा ओरडली. "माहा ळ, माहा ळ, माहा ळ कुठी गेला?" माझं वाक्य कापून कापून तालात बसवलेलं होतं. मधे भावाचा झोपाळू आवाज काही तरी हरवल्याचं गात होता, पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे माझ्या ओळीची वाट बघत होते आणि ती आली की मिळून ओरडत होते. हसून हसून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोन बाई हाय काय मालूम," ती मैत्रिणीला म्हणाली, "भल्ली भांडते पन."

मी खिडकीबाहेर बघत बसले. तेवढ्यात कंडक्टर आला.

"कुठी जाच हाय?"

मी उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी बोट पुढे दाखवलं. तो वैतागला. "पुढं तं सारं जगच हाय बाई, तोंडानं बोला."

"वर्धा," मी म्हटलं.

एकच शब्द. पण ती मुलगी मागे वळली. मग तिची मैत्रीण वळली. मग सगळी बस. वर्धा येईपर्यंत मी तोंडावर पदर धरून बसले होते, आणि रस्त्यात एका मुलाने मला फार आदराने विचारलं, "काकू, सापडला का मंग?"

कागद राहिले. मी थेट बोरगाव मेघेला गेले. दार मामीने उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अवं, तुहा आवाज ऐकला वं आमी! किती खणखणीत आला हाय!" आतून भाऊ धावत आला.

"ताई, आपण हिट झालो!"

आपण. फॉन्ट घालवताना तो एकटा होता, गाणं करताना एकटा होता, आता आपण. त्याने मला दाखवलं की नेटवर लोकांनी काय काय लिहिलंय. पुण्यामुंबईच्या कुणी कुणी लिहिलं होतं की ही बाई अस्सल आहे, मातीतली आहे, असा कच्चा आवाज आजवर ऐकला नाही. एकाने विचारलं होतं, ही कुठली आदिवासी भाषा का? भाऊ ते अभिमानाने वाचत होता. मला तो राग सांगता येत नाही. मी शिकलेली होते, व्याकरणाच्या चुका दुसऱ्यांच्या काढत होते, आणि त्या मंडळींच्या लेखी मी आणि बसवर पडलेली थाप, दोन्ही एकाच जातीचे आवाज होतो. आणि आमची बोली त्याला आठवली ती अशी, गमतीची वस्तू म्हणून. बारावीपर्यंत तोच बोलत होता ती.

"पुण्यात कार्यक्रम ठरलाय, कॉलेजच्या मित्रांचा बँड आहे," तो म्हणाला. "अजून दोनचार ओळी पाहिजेत. प्लीज, जरा रागाव ना."

त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. लाटण्यासारखाच.

मी खुर्चीत ताठ बसले. पदर नीट केला. आणि आकाशवाणीवर बातम्या देतात तशा आवाजात म्हणाले, "आपण केलेले कृत्य अत्यंत अशोभनीय असून मी त्याचा तीव्र शब्दांत निषेध करते."

"असं नाही गं. तुझं ओरिजिनल."

"माझे मूळ वक्तव्य हेच आहे. यापुढे आपल्याशी होणारा सर्व संवाद प्रमाण भाषेतच होईल, याची नोंद घ्यावी."

मामी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. भाऊ हात जोडत होता, चिडत होता, मला मुद्दाम डिवचत होता. मी त्याला पाणी मागितलं तेही "कृपया" म्हणून मागितलं.

मी हे सोडलं नाही. तो देवळीला आला, फोन करून पाहिला, मोबाइल खिशात लपवून आला. मी प्रत्येक वेळी ग्रामपंचायतीच्या ठरावासारखी बोलले. दुकानात मुलं येऊन "काकू, एकदा म्हणा ना" म्हणायची, त्यांनाही तेच. सुरुवातीला जड गेलं, मग मजा वाटायला लागली.

पुण्याचा कार्यक्रम झाला. भावाने नंतर मामीला सांगितलं ते मला कळलं. त्याने कॉफीचं गाणं सुरू केलं की लोक ळ मागायचे. फ्लायओव्हरचं केलं, पुन्हा ळ. शेवटी माझी ओळ पुन्हा पुन्हा वाजवून त्यांनी कार्यक्रम उरकला. दुसरं असं गाणं दे म्हणून मागे लागलेल्यांना द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने म्हणे स्वतः वऱ्हाडीत लिहून पाहिलं, पण ते सिनेमातल्या नोकराच्या बोलण्यासारखं झालं. बँडमधली मुलं आपापल्या वाटेने गेली. त्याने राहिलेले विषय सोडवले आणि पुण्यात एका कंपनीत लागला. केस कापले. मामाने पेढे वाटले.

एका दिवाळीला तो बायकोला घेऊन मामाकडे आला होता आणि मीही तिथे गेले होते. बायको पुण्याची, तिच्याशी त्याचं बोलणं इतकं शुद्ध की ऐकणाऱ्याने सावरून बसावं. फराळानंतर तो माडीवरचा सोफा हलवायला गेला आणि सोफा त्याच्या पायावर आला.

"अवं माय वं! मेलो वं! उचला ना बे कोनी, पाहून काय राह्यले!"

सगळं घर धावलं. त्याची बायको मात्र जिन्यातच थांबून मला विचारत होती, "ताई, हे कोण ओरडलं?"

"तुझे यजमान," मी म्हटलं, आणि हळद आणायला गेले.