तिच्या वाटची मूठ

परदेशी विद्यार्थ्यांना हाताशी धरायला आमच्या सुरतच्या विद्यापीठात सिनियर मुलं नेमतात. मेंटॉर म्हणतात त्यांना. माझी निवड झाली तेव्हा आईनं अहिराणीत विचारलं, "म्हंजे काय करनं पडस?" मी म्हटलं, नवीन पोरीला सुरत शिकवायची. आई हसली, म्हणाली, आधी स्वतः शीक.

कामाची यादी ऑफिसातल्या मॅडमनी सांगितली: सिमकार्ड, बँक, बसचा रस्ता. शेवटी बजावलं, "जास्त गुंतायचं नाही. घरी न्यायचं नाही." मी मान डोलावली. माझी मान पटकन डोलते, पाय मात्र माझं ऐकत नाहीत.

माझ्या वाट्याला आलेली पोरगी झांबियाची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला आलेली, उंच, मोजकं बोलणारी. हॉस्टेल भरलेलं, म्हणून तिला महिनाअखेरपर्यंत पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं होतं. त्यानंतर बाहेर बघा म्हणाले. आणि राहण्याचा पक्का पत्ता दिल्याशिवाय तिची सरकारी नोंदणी होणार नव्हती. नोंदणी नाही तर शिक्षण नाही, गाशा गुंडाळून परत.

मग आम्ही दोघी खोल्या बघत फिरलो. फोनवर दलाल किती गोड! "आवी जाव ने, बेन." दारात तिला बघितलं की खोली कालच गेलेली असायची. एका मालकीणबाईनं तर मला बाजूला घेतलं, "तुम्हारे लिए है, उसके लिए नहीं." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मग मलाही नको तुमची खोली," म्हणून मी जिना उतरले. माझी झांबियाची पोरगी खाली शांत उभी होती. म्हणाली, "भाषांतर करू नकोस. तुझ्या तोंडावर दिसतंय."

आमचं घर डिंडोलीत. म्हणजे खरं काकांचं, आम्ही खाली राहतो. वरची खोली वर्षभर रिकामी, तिच्यात जुने कूलर आणि साडीचे खोके. काका आयुष्यभर लूमवर राबले आणि हे घर उभं केलं, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मी विचारलं तर म्हणाले, "बाहेरच्याला खोली देत नाही. भाऊबंदांतलं कुणी असेल तर सांग."

"तुम्ही धुळ्याहून इथं उतरलात तेव्हा कोण होते हो तुमचे भाऊबंद?"

"जीभ फार चालायला लागलीय तुझी."

चालू दे की! पण जिभेनं खोली मिळत नाही, हेही खरं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आम्हा खानदेशी लोकांची देवी. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. देवीचं विसर्जन झालं की ते रोट फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा देत नाहीत. मी तिला विसर्जनाची मिरवणूक बघायला बोलावलं होतं. मुदत संपत आलेली, निदान एक दिवस तरी तिनं हसावं. ती नुसती हसली नाही, बॅंजोवर अशी नाचली की गल्लीतल्या बायकांनी तिला मध्ये घेतलं. डोक्यावर ओढणी घेऊन ती आमच्याबरोबरच घरी आली आणि पोरींच्या पंगतीत बसली.

काकी वाढत होती. सकाळपासून उभी, दमलेली. खाली मान घालून ताटात रोट टाकत गेली, ओढणीखालचं तोंड काही तिनं बघितलं नाही. मी आतून दूध घेऊन येईपर्यंत तिचं ताट साफ झालं होतं.

"हाई काय करं तू?" काका काकीवर कडाडले. त्या पोरीला एवढंच कळलं की काहीतरी भयंकर घडलंय आणि ते आपल्यामुळे घडलंय. ती उठायला लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. खरं सांगते, तेव्हा मला देवीचीही भीती वाटली नाही, इतका राग आला होता.

"काका, काय ते एकदाच ठरवा. देवीचा रोट तुमच्या घरात बाटला म्हणायचं, की ही पोरगी घरची झाली म्हणायचं?"

सगळे भाऊबंद काकांच्या तोंडाकडे बघत होते. बाटला म्हणावं तर नाव त्यांच्याच घराचं जाणार.

तेवढ्यात आई भिंतीला टेकूनच बोलली, "रोट घरनाच खातस ना? तिनी खादा. आते ती घरनी शे. वरनी खोली उघडा."

संध्याकाळी वरचे कूलर खाली आले. तिची नोंदणी आमच्या पत्त्यावर झाली. मॅडमनी मला बोलावून नियमांची आठवण करून दिली. मी म्हटलं, मॅडम, मी गुंतलेय, काय करायचं ते करा.

यंदा पुन्हा कानबाई आली. काका गव्हाच्या पोत्याशी बसून एकेका पुरुषाचं नाव घेत परातीत मुठी टाकत होते. वरच्या खोलीतली आमची पोरगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "मागच्या वर्षी मी खाल्ला तो रोट कुणाच्या मुठीतला?"

"कुणाच्या का असेना. बायकांची मूठ घेत नाहीत. माझीही नसते."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे तूही बाहेरचीच?"

एवढं झोंबलं मला ते! मी उठले, पोत्यात हात घातला. एक मूठ तिच्या नावानं टाकली, एक माझ्या.

"हे आपल्यात नाही," काका म्हणाले.

"झांबियाही नव्हतं."

काकांनी आशेनं काकीकडे बघितलं. काकीनं पदर खोचला, पोत्याशी आली आणि स्वतःचं नाव मोठ्यानं घेऊन मूठ टाकली.