प्लायवूडच्या पलीकडचा डॉक्टर

दवाखान्यात औषधांच्या सॅम्पलइतकेच किस्सेही साचत जातात. सॅम्पल निदान एक्सपायर तरी होतात! आमच्या अमरावतीच्या दवाखान्यात वेटिंग रूम एक, रिसेप्शनला कुंदाताई एक आणि डॉक्टर दोन. मी आणि प्रमोद, कॉलेजपासूनचे दोस्त. दोघांच्या केबिनमध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन. गेली दोन वर्षं त्या पार्टिशनच्या पलीकडे जे चाललंय, त्याने माझा नुसता जळफळाट होतो. आधीच सांगून टाकलेलं बरं.

*

प्रमोद चांगला एम.डी. मेडिसिन. एकदा अकोल्याला कसल्याशा वर्कशॉपला गेला आणि आल्या आल्या बोर्डच बदलला. 'होलिस्टिक हेल्थ अँड ट्रान्सफॉर्मेशनल कोच'!

"पेशंट पाहणं सोडून देल्लं काय बे?" मी विचारलं.

"सोडलं नाही. आता मी रोग नाही पाहत, माणूस पाहतो."

"मंग मी इतकी वर्षं म्हशी तपासून राह्यलो काय?"

यावर तो नुसता हसला. पूर्वीचा प्रमोद असता तर दोन सणसणीत शिव्या मिळाल्या असत्या. ते शांत हसणंच मला पहिल्यांदा झोंबलं.

*

धामणगाव रेल्वे या गावचे एक शेठजी आहेत, धान्याचे व्यापारी. जरा अंग दुखलं की आमच्याकडे येऊन 'बाटली' लावून घ्यायचे, म्हणजे सलाईन. गरज नाही म्हटलं तर रुसायचे. मी हात टेकले होते.

एकदा ते प्रमोदकडे शिरले. तासाभराने बाहेर आले ते फुलासारखे हलके! मुलाचं, धंद्याचं, झोपेचं सगळं बोलून झालेलं. मग माझ्या केबिनचं दार उघडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बरं तं मले त्यायनं केलं. तुमी फक्त बाटली लावून द्या!"

*

बडनेऱ्याच्या रेहानाभाभी बीपीच्या जुन्या पेशंट. गोळ्या बदलून बघितल्या, मीठ कमी केलं, तरी माझ्याकडे मोजलं की आकडा वरच. कुणीतरी त्यांना प्रमोदचं नाव सांगितलं. आठ-दहा सेशन झाले आणि एक दिवस त्या हौसेने माझ्याकडे बीपी मोजायला आल्या.

नॉर्मल! मी दुसऱ्या हाताला मोजलं. तरी नॉर्मल. डॉक्टर म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. गोळ्या माझ्याच चालू होत्या, हे लक्षात घ्या!

"भाभी, मशीन बिघडलेली दिसते," मी म्हणालो.

"मशीन बराबर है, डॉक्टरसाब," भाभी म्हणाल्या. "वो तो आपकी शकल देख के बढ़ता था."

*

अकोल्याला प्रमोदचं शिबिर होतं, 'सजग आहार'. मी मुद्दाम गेलो. मैत्रीसाठी गेलो असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे हॉल रिकामा बघायची इच्छा होती. हॉल गच्च! वर त्याने तेल, तिखट आणि घाईघाईचं खाणं यांवर असं भाषण ठोकलं की लोक माना डोलवत होते.

शिबिर संपलं आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर साहेब स्वतः तर्री-पोहे खाताना सापडले. तेलाचा तवंग आलेली लाल झणझणीत तर्री, वर शेव! मला तर लॉटरीच लागली. शिबिरातले बरेच लोक मागे उभे होतेच. मी मोठ्याने म्हणालो, "काय हो कोच, हे काय चालू आहे?"

त्याने डोळे मिटून घास संपवला. मग म्हणाला, "मन लावून खाऊन राह्यलो. तू पोहे खातं आन् मोबाइल पाहतं. तुले काल काय खाल्लं ते तरी आठवते काय?"

मला खरंच आठवेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी तर्री-पोहेच मागवले.

*

शेवटी ठरवलं, आपणही करून बघू. त्यात काय एवढं? दुसऱ्या दिवशी पहिलाच पेशंट, साधी सर्दी. मी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि मऊ आवाजात म्हणालो, "बसा निवांत. मनात काय आहे ते सांगा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टर, मले कॅन्सर तं नाही ना झाला?"

*

आणि आता हा मागच्या महिन्यातला.

माझे बाबा अकोट डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं मीच बघतो. घरचाच पेशंट, एक्स-रे तोंडपाठ, दोन मिनिटांत काम होतं.

दुपारची वेळ होती, माझ्याकडे एकही पेशंट नव्हता. पलीकडून हसणं ऐकू आलं. ओळखीचं वाटलं. बाबा! बाबा असे मोठ्याने हसतात, हे मी विसरूनच गेलो होतो. मग हसणं थांबलं आणि हळू आवाजात बोलणं सुरू झालं. मध्येमध्ये प्रमोदचं "हं... मंग?" तेवढं कळत होतं. शेवटी मी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि पार्टिशनला टेकवला.

नेमक्या कुंदाताई आत आल्या. "सर, पार्टिशनले काय झालं?"

तासाभराने बाबा बाहेर पडले. डोळे पुसलेले होते, पण चाल ताठ होती. मला बघून न बघितल्यासारखं करून रिक्षात बसले. मी प्रमोदला गाठलं. "काय म्हणत होते?"

"सांगता येत नाही यार. क्लायंट आहे."

"बाप आहे तो माझा!"

"हो ना. पण क्लायंट माझा आहे."

इतकी आग मला रेहानाभाभींच्या वेळीही लागली नव्हती. घरी गेलो. बाबा चहा पीत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, गुडघ्याचं काय म्हणाला प्रमोद?"

"गुडघ्याचा विषयच नाही निंघाला."

"मंग तासभर काय बोलत होते तुमी?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"तू फी किती घेतं रे, बाबू?"

"कायची? तपासायची?"

"तपासाची मालूम हाये मले. आयकून घ्याची किती घेतं?"