इंझोरीच्या मामांच्या पाच माया

लाज नावाची वस्तू आमच्या इंझोरीच्या मामांच्या वाट्याला आलीच नव्हती, आणि म्हणून ते कामरगावला आमच्या घरी आले की आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसायचो. माझ्या लग्नाच्या पंगतीत एक तान्हं रडू लागलं, तर तूप वाढता वाढता मामा मांडवभर ऐकू जाईल असे गरजले, "अवो, लेकरू कोनाचं रडून राह्यलं? वाढनं मंग करू, पहिले त्याले पाजा!" माझे सासरे अमरावतीचे वकील, त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. एकदा दौऱ्यावर आलेले तहसीलदार एका बाईची जबानी घेत होते. मामांनी त्यांनाच थांबवलं, "सायेब, जरा दम धरा. बाई पाजून राह्यली." साहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि मूल पिऊन होईपर्यंत ते निंबाच्या झाडाकडे बघत बसले.

मामा दहा दिवसांचे असताना त्यांची आई गेली. गल्लीतल्या पाच बायांनी पाळीपाळीने अंगावर पाजून त्यांना जगवलं. त्यांतली एक पठाणाच्या घरची. मामा चारचौघांत सांगायचे, "मले पाच माया हायेत," आणि ईदेच्या दिवशी उघडपणे पठाणाच्या घरी जाऊन 'अम्मा'च्या पाया पडायचे. माझ्या वडिलांना ते ऐकूनच घाम फुटायचा.

मग मला मुलगी झाली. बायकोची आई लवकर वारलेली, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. वकिलांच्या बंगल्यात ती एकटी वाढली. आईच्या अंगावर पिणारं मूल तिने जन्मात पाहिलं नव्हतं. सासूसमोर पदर सरकवायला ती तयार होईना. भिंतीकडे तोंड करून पोरीला कशीबशी धरायची, पोर तोंड फिरवून रडायची. तिसऱ्या दिवशी ते रडणंही बारीक झालं. माझी आई दाराशी बसून डोळे पुसत होती.

हे कळताच मामा दमणी जुंपून आले. सोबत त्यांची सून, तिच्या कडेवर चार महिन्यांचा नातू. भर दुपारी, माझे वडील आणि दोन शेजारी बसलेले असताना, त्यांनी सुनेला ओसरीवर बसवलं आणि माझ्या बायकोला हाक मारली, "पोरी, भाईर ये. ही कशी पाजते ते नीट पाह्य."

मामेसासऱ्याच्या तोंडून असले शब्द! शेजारी जोडे न घालताच पसार झाले. मी खांबाआड गेलो.

"इंझोरीकर, घरात सून हाय! कायी शरम हाय का नाई?" वडील म्हणाले.

"म्हनूनच त सांगून राह्यलो, भाऊजी. कधी पाह्यलंच नाई, त तिले येईन कसं? पोर चालली हातची, अन् तुमी शरम काय घेऊन बसले?"

वडील मागच्या दाराने गोठ्याकडे गेले. मामा पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले. भेदरलेली बायको डोईवरचा पदर ओढत बाहेर आली, बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिचा बारीक आवाज आला, "असं खालून धरायचं?"

"हव, बाई. तिचं पोट तुमच्या पोटाले लागू द्या," मामांची सून म्हणाली.

थोड्या वेळाने रडणं थांबलं आणि घोट गिळल्याचा आवाज मला खांबाआडून ऐकू आला. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. ते उपरण्याने नाक पुसत होते.

पुढच्या तिन्ही मुलांना बायकोने ओसरीवरच पाजलं. थोरली शेजारी भातुकली मांडून बसायची. लग्न झाल्यावर ती स्वतःचं बाळ घेऊन आली, तेव्हा व्याही आणि मी सुपारी कातरत होतो. ती आमच्यासमोरच मांडी घालून बसली आणि तिने बाळाला पदराखाली घेतलं. मी हबकलोच. डोळ्यांनी तिला आत जायला खुणावलं.

"काहून, बाबा? भूक लागली त्याले," ती म्हणाली.

व्याह्यांनी घसा खाकरला. मी आढ्याचे वासे बघत राहिलो.

मामांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते असते तर त्यांना त्यात पाहण्यासारखं काही दिसलंच नसतं. तंबाखू मळत त्यांनी मला फक्त विचारलं असतं, यंदा तूर कशी हाय म्हणून.